आठ महिने आवाज बंद

माझ्या इंग्रजीच्या ऑनलाइन क्लासमध्ये पहिले आठ महिने कोणीही एक अक्षर बोललं नाही, आणि मला वाटत होतं, काय सुंदर क्लास चाललाय!

अगदी मनापासून वाटत होतं. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत मी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. वर्गात साठ-पासष्ट मुलं, खिडकीखाली भाजीवाल्यांचा ओरडा आणि शेजारच्या वर्गात टेबलावर पट्टी आपटणारे गणिताचे सर. अशा ठिकाणी शांतता मिळाली की शिक्षकाला गड जिंकल्यासारखं वाटतं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की निवृत्तीच्या समारंभात भाषणाला उभी राहिले तेव्हा समोरच्या माजी विद्यार्थ्यांनी आपण होऊन तोंडावर बोटं ठेवली. हशा झाला. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

निवृत्तीनंतर घरात बसून मी नवऱ्याच्या वाणसामानाच्या यादीतल्या चुका काढायला लागले, तेव्हा त्याने हात जोडले आणि लॅपटॉपवर ऑनलाइन क्लास कसा घेतात ते मला शिकवलं. मोठ्या माणसांसाठी क्लास, सकाळी सात ते आठ, कामावर जाण्याआधी. बघता बघता चौदा जण आले. कोणी ठाकुर्लीचं, कोणी कल्याणचं, दोघं-तिघं ठाण्याचे. आणि पहिल्याच आठवड्यात मला पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण सापडलं. ते दाबलं की सगळ्यांचे आवाज एकदम बंद. कुकरच्या शिट्ट्या बंद, भांडी बंद, सासूबाई बंद. असलं बटण शाळेत का नव्हतं, म्हणून मी हळहळले.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑनलाइन वर्गात पडद्यावर विद्यार्थ्यांचे चौकोन दिसतात आणि बाजूला चॅट नावाची लिहायची पट्टी असते. मी प्रश्न विचारायची, ते पट्टीत उत्तर टाइप करायचे. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं, सगळं झालं. महिन्याच्या चाचणीत पंचवीसपैकी बावीस-तेवीस पडायचे. लिहायला-वाचायला पक्कं झालं की बोलणं आपोआप येतं, असं माझं मत होतं. माझ्या शिक्षकांचंही तेच होतं. ते बरोबर आहे की नाही हे त्यांनीही कधी तपासलं नव्हतं.

या चौदा जणांत प्रज्ञा पहिली. मोहन्याला राहायची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर घर हिच्याच पगारावर उभं राहिलं. कल्याणच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नऊ वर्षं टेक्निशियन होती. रक्त काढणं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावणं, मशीन चालवणं, या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तिच्यामागून आलेल्या दोन मुली इंग्रजी बोलतात म्हणून पुढे सरकल्या आणि ही त्याच टेबलाशी राहिली. ठाण्याच्या एका मोठ्या लॅबमध्ये तिला एक जागा हवी होती. तिथे काही रिपोर्ट धोक्याचे आले की लगेच डॉक्टरला फोन करून आकडे सांगायचे असतात. डॉक्टर कुठलेही असतात, म्हणून सगळं इंग्रजीत. "मॅडम, मला ते आकडे नुसते बघून कळतं, पेशंटचं काय होणारे ते," तिने एकदा मला चॅटमध्ये लिहिलं होतं. "फक्त सांगायचं कसं ते शिकवा."

मी तिला क्रियापदाचं तिसरं रूप शिकवलं.

एका शनिवारी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडे कोणीतरी बाई रडत होती आणि 'मॅडम, मॅडम' म्हणत होती. मी घाबरून विचारलं, "कोण बोलतंय?"

"मॅडम, मी प्रज्ञा."

आठ महिने ही मुलगी रोज सकाळी माझ्यासमोर बसत होती. चाचणीच्या पेपरांतलं तिचं अक्षर, तिच्या स्वल्पविरामाच्या सवयी मला पाठ होत्या. आणि तिचा आवाज मला ओळखता आला नाही. हे आजही लिहिताना मला लाज वाटते.

तिची ठाण्याच्या लॅबसाठी मुलाखत झाली होती, लॅपटॉपवरच. मुलाखत घेणारे साहेब बाहेरगावचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि प्रज्ञाने सवयीने चॅटच्या पट्टीत उत्तर टाइप केलं. ते म्हणाले, तुमचा आवाज येत नाही. तिने 'सॉरी सर' टाइप केलं. त्यांना वाटलं माइक बिघडलाय. दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर तिने टाइप केलं, चांगल्या पाच ओळी. शेवटी त्यांनी सरळ मोबाइलवर फोन लावला. फोनला पट्टी नसते. दीड मिनिट ते 'हॅलो, हॅलो' करत राहिले आणि ही फोन कानाला लावून घामाघूम.

"मी सगळं लिहिलेलं मॅडम," ती म्हणाली. "एक स्पेलिंग नाही चुकलेलं."

"प्रज्ञा, चूक माझी आहे गं."

"नाही मॅडम, तुमची काय चूक? मलाच नाही जमलं."

ती शहाण्यासारखं बोलली आणि मला जास्तच बोचलं. त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, "मी आयुष्यभर पोहायला शिकवलं. वहीत."

सोमवारी सात वाजता मी सगळ्यांचे आवाज उघडले आणि जाहीर केलं की आजपासून चॅट बंद, बोलायचं. एकदम चौदा घरं माझ्या हॉलमध्ये आली. कुठे मिक्सर, कुठे आरती, कुठे 'ए बंट्या, मोजे कुठे टाकलेस?' आणि बोलायला मात्र कोणी नाही. मी एकेकाचं नाव घेऊन विचारलं तर माणसं पडद्यावरून खाली वाकून गायब व्हायला लागली. एकाने तर लाइट गेल्याचं सांगितलं. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

बोललं ते एकच माणूस, काशिनाथकाका. कोपरचे, तिथलेच मूळचे. वडिलांपर्यंत भातशेती आणि मिठागर, आता त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतींत काकांचे भाडेकरू. वय साठीच्या पुढे, व्याकरणात कायम शेवटून पहिले. क्लासला का आलात, असं मी त्यांना पहिल्या दिवशी विचारलं होतं, तर त्यांनी चॅटमध्ये लिहिलं, "बिल्डरचा वकील मीटिंगला विंग्रजीत बोलतं, न् मी नुसती मान हालवतंय. मना विंग्रजीत भांडाचा हाय." हा हेतू मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता.

त्या दिवशी काका दहा मिनिटं बोलले. क्रियापदं जवळजवळ नव्हतीच. 'माय बिल्डिंग, थर्ड फ्लोअर, वन फॅमिली, टू डॉग, एव्हरी डे भो भो, आय गो, आय से, हे, व्हॉट इज धिस?' सगळ्यांना सगळं कळलं. मी लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. माझ्या पद्धतीने या भाषणाला पंचवीसपैकी दोन मार्क पडले असते.

मग जोड्या लावल्या. ऑनलाइन वर्गात दोघादोघांना वेगळ्या खोल्यांत पाठवता येतं, शिक्षकाला हळूच आत डोकावता येतं. प्रज्ञाची जोडी मी मुद्दाम काकांशी लावली. आठवड्याभरात सगळ्या खोल्यांतून फडाफडा इंग्रजी ऐकू यायला लागलं. मी खूश. मग एक दिवस काका-प्रज्ञाच्या खोलीत शिरले तर काका विचारत होते, "हाऊ मेनी ब्रदर्स यू हॅव?" आणि प्रज्ञा ठामपणे उत्तर देत होती, "आय लाइक पुरणपोळी व्हेरी मच."

काकांनी चुकून पान पुढचं उलटलं होतं! चौकशी केल्यावर कळलं की सातही जोड्या आदल्या दिवशी फोनवर मराठीत ठरवून, संवाद देवनागरीत लिहून काढून, समोर ठेवून वाचत होत्या. वरून एकमेकांना चांगले संवाद पाठवतही होत्या. म्हणजे बोलण्याच्या तासालाही ही मंडळी लिहीतच होती! मला रागही आला आणि हसूही. माझेच विद्यार्थी ते, दुसरं काय करणार? त्यानंतर मी असेच विषय द्यायला लागले जे आधी लिहिता येणार नाहीत. आत्ता खिडकीतून काय दिसतंय ते सांगा. जोडीदाराला न दाखवता घरातली एक वस्तू ओळखायला लावा. काकांनी किसणीचं जे वर्णन केलं त्यावरून प्रज्ञाने 'पोलीस स्टेशन' असं उत्तर दिलं होतं. ते कसं, हे दोघांनाही नंतर सांगता आलं नाही.

बोलणं सुरू झालं, पण ऐकण्याचं काय? लोकांना वाटतं, कान आहेत म्हणजे ऐकू येतं. परक्या भाषेत तसं नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कळायचं ते फक्त माझं, सावकाश, शब्द सुटे करून बोललेलं. जगात माझ्यासारखं इंग्रजी बोलणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही. म्हणून मी समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस नायरना विनंती केली. त्या मूळच्या केरळच्या, बँकेतून निवृत्त, आणि बोलणं असं वेगवान की दूधवालाही पैसे घेऊन पळतो.

त्यांनी वर्गात माशाच्या कालवणाची कृती सांगायची असं ठरलं, आणि मी त्यांना एक खोडी सुचवली. मध्येच त्या शांतपणे म्हणाल्या, "नाउ टेक वन स्लिपर, वॉश इट, अँड पुट इट इन द करी." आणि पुढे बोलत राहिल्या.

तेरा माना हलल्या. "येस मॅम. येस मॅम."

चौदावा चौकोन, काकांचा, उसळला. "स्टॉप, स्टॉप! मॅडम! चप्पल इन फिश? माय वाइफ विल बीट मी!"

मिसेस नायर हसून हसून खोकायला लागल्या. मी बाकीच्यांना वह्या दाखवायला सांगितल्या. एकीने ते वाक्य गाळलं होतं. एकाला वाटलं, केरळात तशा नावाचा मसाला असेल. प्रज्ञाच्या वहीत मात्र सुरेख अक्षरात पाचवी पायरी होती: स्वच्छ धुतलेली एक चप्पल.

"तुला कळलं होतं ना हे चुकीचं आहे?" मी विचारलं.

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"त्या बोलत होत्या ना मॅडम. मध्ये कसं बोलायचं? मोठ्या आहेत."

सगळ्यांच्या माना परत हलल्या. तिने सगळ्यांच्या मनातलं सांगितलं होतं. मग ती म्हणाली, "लॅबमध्ये पण माझं असंच होतं. डॉक्टर घाईत बोलतात, मी येस सर, येस सर करते, आणि फोन ठेवून दुसरीला विचारते, काय म्हणाले गं ते? मॅडम, माझ्या टेबलावर चप्पल नसते. पोटॅशियमचा आकडा असतो."

मला त्या क्षणी माझा सगळा वर्ग आठवला, साठ-पासष्ट मुलं, पिढ्यान्‌पिढ्या. मोठं माणूस बोलतंय तर मध्ये बोलू नये, हे या सगळ्यांना घरी शिकवलं होतं, आणि शाळेत ते पक्कं करायचं काम माझ्यासारख्यांनी केलं होतं. आम्ही ते फार चोख केलं.

त्या दिवसापासून माझ्या क्लासचा एकच नियम झाला. समोरच्याला अडवायचं. 'सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज रिपीट.' मी शिकवताना मुद्दाम भराभर बोलायची, चुकीचं बोलायची, आणि पाच मिनिटांत मला कोणी थांबवलं नाही तर सगळ्यांना जास्तीचा गृहपाठ. आधी सगळे गृहपाठ करून आणायचे. मला अडवण्यापेक्षा त्यांना तो सोपा वाटायचा! तिसऱ्या आठवड्यात ठाकुर्लीच्या एका कंडक्टरने हात वर न करता मला थांबवलं आणि लगेच दोन्ही कान पकडले. मी त्याला शाबासकी दिली तर त्याला तो टोमणा वाटला.

प्रज्ञासाठी आम्ही खेळ केला. काका डॉक्टर व्हायचे, घाईतले, चिडके. प्रज्ञा रिपोर्ट सांगायची. काकांना वैद्यकातलं काही येत नव्हतं, पण चिडणं उत्तम यायचं. "व्हाय हिमोग्लोबिन सो लो? हू इज रिस्पॉन्सिबल? कॉल मॅनेजर!" मागे मोटारसायकली, नातवाचा रडका सूर, आणि पेशंटचं नाव दर वाक्याला बदललेलं. प्रज्ञा गप्प व्हायची. महिनाभर ती गप्पच होती. शेवटी काकाच वैतागले. "अगो पोरी, मी येरावाकरा बोलतंय, न् तू ऐकून घेतंस! मना थांबव ना गो!"

"काका, तुम्ही वडिलांच्या वयाचे..."

"डॉक्टर हाव मी आता! बाप घरी."

आणि एका सकाळी, काका पेशंटचं तिसरं नाव घेत असताना, पडद्यातून एक आवाज आला. बारीक, पण धारदार. "सॉरी डॉक्टर. स्टॉप. विच पेशंट? टेल मी फुल नेम अँड एज."

काका दचकून खरंच थांबले. मग आपण डॉक्टर आहोत हे विसरून त्यांनी स्वतःचंच पूर्ण नाव आणि वय सांगितलं. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, आणि काका सगळ्यांत जास्त.

पुढच्या महिन्यात ठाण्याच्या त्याच लॅबमध्ये ती जागा पुन्हा निघाली. या खेपेला मुलाखत सरळ फोनवर, आणि साहेब तेच. प्रज्ञा मला म्हणाली, "मॅडम, ते मला ओळखतील. दीड मिनिट गप्प बसलेली ती हीच." मी धीर दिला, पण मुलाखतीच्या दिवशी माझ्याच्याने पोहे गिळवेनात. क्लासच्या ग्रुपवर सगळे शुभेच्छा देत होते आणि काका विचारत होते, मी लॅबच्या खाली जाऊन उभा राहू काय? फोनवरच्या मुलाखतीला ते कुठल्या लॅबखाली उभे राहणार होते, देव जाणे.

दुपारी तिचा फोन आला. मी घाईघाईने उचलला आणि एकदम सुरू झाले. "झालं का? घाबरली नाहीस ना? मी म्हटलं होतं ना, नाही कळलं तर विचारायचं, आणि हे बघ, नाही झालं तरी आपण परत..."

"मॅडम, सॉरी. मला आधी पूर्ण बोलू द्या."

मी आपण होऊन तोंडावर बोट ठेवलं.

तिने सांगितलं. साहेबांनी भरभर एक केस सांगितली. तिला अर्धी कळली. तिने 'प्लीज रिपीट' म्हटलं. त्यांनी परत तेवढ्याच वेगाने सांगितली. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते जरा त्रासून म्हणाले, तुम्हाला इंग्रजी समजत नाही का? "मॅडम, फोन ठेवून द्यावासा वाटला. पण मी बोलले. सर, आय अंडरस्टँड इंग्लिश. यू आर स्पीकिंग टू फास्ट. इफ आय से येस विदाउट अंडरस्टँडिंग, पेशंट मे डाय."

"मग?"

"मग ते गप्प. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी सगळं त्यांना उलट म्हणून दाखवलं. आकड्यांसकट. ते म्हणाले, एक तारखेपासून या."

मी ओरडले. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं मी पडले. मी त्याला हाताने बाजूला केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने 'शाब्बास, शाब्बास' चाललं होतं, शाळेतल्यासारखं.

"मॅडम, अजून एक आहे," प्रज्ञा म्हणाली. "पहिल्या मुलाखतीनंतर मी फोन केलेला, आठवतं? तुम्ही म्हणालात चूक तुमची, आणि मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. मोठ्यांना कसं सांगायचं म्हणून तसं म्हटलं. आज सांगू?"

"सांग."

मग ती एकेक शब्द नीट उच्चारत, न अडखळता म्हणाली, "मॅडम, दॅट डे आय वॉज व्हेरी अँग्री विथ यू. आय ट्रस्टेड यू फॉर एट मंथ्स, अँड यू नेव्हर आस्क्ड मी टू स्पीक."

मी 'थँक यू' म्हटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्याने मला तोंडावर खरं सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी मग काहीतरी बोललो, हसलो, पेढे कुठले आणायचे ते ठरवलं.

तिच्या त्या दोन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण ते माझ्या लक्षात आलं फोन ठेवून, तोंड धुऊन, नवऱ्याला सगळं सांगून झाल्यावर.